महापूर: कुठल्या आकड्याला घर सोडायचं आणि त्याआधी काय काय उरकायचं

कृष्णाकाठ | १२ जून

दरवर्षी जुलैच्या शेवटी 'पाणी वाढतंय, काय करू?' असे प्रश्न येऊ लागतात. तेव्हा सामान हलवायला माणूस मिळत नाही की टेम्पो मिळत नाही, म्हणून हा धागा जूनमध्येच काढतोय. विषय नदीच्या पुरापुरता ठेवू. वीज, आरोग्य, जनावरं, विमा यातलं ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात आकड्यापासून. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण ती शहराची पातळी झाली. सांगलीत सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत धोका पातळीच्या आधीच पाणी घरात असतं, तर उंचावरच्या पेठेत ५० फुटांनाही अंगण कोरडं असतं. आपल्या उंबऱ्याचा आकडा आपणच काढायचा.

रीत अशी. भिंतीवर २०१९ किंवा २०२१ ची पाण्याची खूण अजून दिसत असेल तर तिची उंची उंबऱ्यापासून मोजा. समजा २०१९ ची खूण साडेचार फुटांवर आहे आणि त्या वेळी पुलाजवळ साडेसत्तावन्न फूट होतं. म्हणजे पाणी उंबऱ्याला ५३ च्या आसपास लागतं. पुराचा पृष्ठभाग सपाट नसतो. वारणेचा, पंचगंगेचा फुगवटा प्रत्येक पुरात वेगळा असतो. म्हणून एक फूट सोडून ५२ धरा. खूण पुसली असेल तर शेजारच्या देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर शोधा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी ती लेव्हल आपल्या भिंतीवर आणता येते, अर्ध्या तासाचं काम आहे.

मग दुसरा आकडा, आणि तो जास्त महत्त्वाचा: बाहेर पडायचा रस्ता कितीला बंद होतो. बहुतेक गावांत घरात पाणी येण्याच्या खूप आधी ओढ्यावरचा पूल किंवा रस्त्यातला खोलगट भाग बुडतो. आंबेवाडी-चिखलीला, शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांना याचाच फटका बसतो. घर कोरडं असतं आणि गावाचं बेट झालेलं असतं. रस्त्याचा आकडा ४७ असेल तर घर सोडायचा आकडा ४५. उंबऱ्याचा ५२ या हिशेबात येतच नाही.

तिसरी गोष्ट वेग. दर तासाला पातळी लिहून काढा. तासाला ३ इंच चढ असेल तर दोन फुटांना आठ तास मिळतात. तोच चढ ६ इंचांवर गेला तर चारच तास. रात्र मध्ये येत असेल तर रात्रीचे तास हिशेबात धरू नका, दिवसाउजेडीच निघा.

वरून येणाऱ्या पाण्यावरही लक्ष हवं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की सांगलीची पातळी त्यानंतर काही तासांनी बोलते, लगेच नाही. पाऊस उघडला म्हणून सामान परत खाली आणणारे नेमके इथेच फसतात.

उंबरा, रस्ता, घर सोडायचा आकडा आणि जिथे जायचं तिथला फोन नंबर, एवढं दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा.

वाशिष्ठी_बाजारपेठ | १२ जून

कृष्णाकाठ, ही रीत कृष्णा-पंचगंगेला चोख आहे, कारण तिथे पाणी दोन-तीन दिवस घेऊन चढतं. चिपळूण, महाड, राजापूरला हा हिशेब लावू नका. सह्याद्रीच्या कड्यापासून खाडीपर्यंत अंतरच थोडं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी रात्रीत चढलं आणि बाजारपेठेतले तळमजलेच्या तळमजले बुडाले. तिथे तास मिळतात, दिवस नाहीत.

कोकणात पुलावरच्या पातळीच्या जोडीला दोन गोष्टी पाहायच्या: पाऊस आणि भरती. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. रेड अलर्ट या दुसऱ्या गटासाठी असतो. पाऊस घाटमाथ्यावर किती पडतोय तेही बघा, गावात उघडीप असली तरी. आणि त्यात उधाणाची भरती आली की वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरायला वाव राहत नाही. २०२१ ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती. भरतीची ढोबळ वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणपट करायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या. हा किनाऱ्यावरचा अंदाज, खाडीत आत पोहोचायला आणखी वेळ लागतो. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता घ्या.

म्हणून कोकणातला नियम असा: रेड अलर्ट, घाटावर संततधार आणि रात्री उधाणाची भरती, या तिन्ही एकत्र असतील तर तळमजल्यावर झोपायचं नाही. पाणी येण्याची वाट पाहायची नाही. म्हातारी माणसं आणि मुलं संध्याकाळीच वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे पाठवायची.

पाणी घरात शिरू लागल्यावर अंधारात गावाबाहेर पडू नका, वर चढा. पण पोटमाळ्यावर जाणार असाल तर तिथून बाहेर पडायला वाट हवी. वाट नसलेल्या माळ्यावर माणूस अडकतो, खालून पाणी येतं आणि वर छत. कौलारू घर असेल तर माळ्यावर कोयता आणि छोटी पहार कायमची ठेवा, म्हणजे रीप तोडून कौलं सारता येतात. मातीच्या किंवा जांभ्या-मातीच्या जुन्या भिंती बुडाल्यावर बसतात. तसल्या घराच्या माळ्याचा भरवसा धरू नका, आधीच शेजारच्या आरसीसी इमारतीत जागा बोलून ठेवा.

आणि उंचावर जायचं म्हणून डोंगराच्या पायथ्याला चिकटलेल्या घरात जाऊ नये. तळियेची दरड त्याच २२ जुलैची आहे. उतारावर नवी भेग, झाडं कललेली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालेलं किंवा आटलेलं दिसलं तर ती जागा लगेच सोडायची.

तारमार्ग | १३ जून

विजेबद्दल क्रमाने लिहितो. यात क्रम चुकला की जीव जातो.

पाणी अंगणात असतानाच मेन स्विच बंद करायचा. पायाखाली कोरडं, हात कोरडे, पायात रबरी चप्पल. मीटरपाशी पाणी साचलेलं असेल तर मेनला हात लावू नका. महावितरणला १९१२ वर किंवा स्थानिक वायरमनला सांगून खांबावरून पुरवठा तोडून घ्या.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते. मेन बंद केला की इन्व्हर्टर वीज गेली असं समजून स्वतःहून सुरू होतो आणि घरातले निम्मे बोर्ड जिवंत राहतात. 'मेन तर बंद केलाय' म्हणून माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो आणि फूटभर उंचीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये पाणी असतं. म्हणून मेननंतर लगेच इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, मागची पिन काढायची, मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी आणि पॉझिटिव्ह नंतर सोडवायची. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. दोघांनी, उभीच्या उभी उचलायची. आडवी झाली तर ॲसिड सांडतं.

छतावर सोलर असेल तर त्याचे एसी आणि डीसी दोन्ही आयसोलेटर (पुरवठा तोडायचे स्विच) बंद करा. तरीही पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतच्या तारेत दिवसा दाब असतोच, तो बंद करता येत नाही. ती तार पाण्यात लोंबत असेल तर लांब राहा.

घर सोडताना मेन बंदच ठेवून जा. पाणी रोहित्रापर्यंत चढू लागलं की महावितरण त्या भागाचा पुरवठा तोडतं, आणि पुन्हा सुरू करतं तेव्हा तुम्ही घरात नसता.

पूर ओसरल्यावर 'दोन दिवस ऊन दिलंय, आता लावून बघू' हे करू नका. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यातला बारीक गाळ सुकून संपर्कबिंदूंवर बसतो. बुडालेले एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच), स्विच, सॉकेट सरळ बदला. धुऊन सुकवून वापरायच्या त्या वस्तू नव्हेत. एमसीबी वरून ठीक दिसतो, पण आतली स्प्रिंग गंजते आणि ऐन वेळी तो पडत नाही. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं. तार ओढून बाहेर काढावी, पाइप मोकळा करावा. मग उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण तपासायचं मीटर) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल तपासायचं. किमान १ मेगओहम यायला हवं, कमी आलं तर त्या सर्किटला पुरवठा द्यायचा नाही. नंतर एकेक एमसीबी वर करत जायचं.

फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो सहसा वाचतो. त्याची रिले, थर्मोस्टॅट आणि कार्ड जातं. न तपासता पिन लावली तर वाचलेला कॉम्प्रेसरही जळतो. विहिरीतली पाणबुडी मोटर बुडण्यासाठीच बनलेली असते, पण तिचा स्टार्टर नाही.

कायमचा इलाज हवा असेल तर पूरपट्ट्यातल्या घरात तळमजला आणि वरचा मजला वेगळ्या सर्किटवर घ्या, तळमजल्याचे बोर्ड पाच फुटांवर न्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

पाटणकर_काकू | १३ जून

गॅस सिलिंडरचं काय करायचं? माळ्यावर चढवणं एकट्या बाईला जमत नाही. भरलेला सिलिंडर जड असतो, तो जागच्या जागी राहील ना?

तारमार्ग | १३ जून

नाही राहणार, काकू. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर लोखंडासकट तीस किलोच्या आसपास असतो, पण तो पस्तीस लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. म्हणजे भरलेलाही तरंगतो, रिकामा तर नक्कीच. तरंगताना नळी ताणली जाऊन निसटते आणि गॅस सुटतो.

उचलता येत नसेल तर असं करा: रेग्युलेटर बंद करून काढा, व्हॉल्व्हवर दोरीला अडकवलेली पांढरी टोपी घट्ट बसवा आणि सिलिंडर उभाच खिडकीच्या गजाला जाड दोरीने दोन ठिकाणी बांधा, वर आणि खाली. रेग्युलेटर आणि शेगडी तेवढी वर न्या. रेग्युलेटर बुडाला तर तो पुन्हा वापरू नका, आतला पडदा खराब होतो, एजन्सीकडून बदलून घ्या. परत आल्यावर वास आला तर दारं-खिडक्या उघडायच्या, कुठलंही बटण वर-खाली करायचं नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन.

गोठा_शिरोळ | १४ जून

जनावरांचं लिहितो. पुरात जनावर बुडून मरतं ते बहुतेक वेळा दाव्याला बांधलेलं असतं म्हणून. म्हैस उत्तम पोहते, गायही पोहते. घर सोडताना जनावरं नेता येत नसतील तर दावी कापा, गोठ्याचं दार उघडं टाका. वेसणीला लांब दोर ठेवू नका, झुडपात अडकतो.

पण ती शेवटची पाळी. खरं तर जनावरं माणसांच्या आधी हलवायची. रस्त्यावर फूटभर पाणी आलं की म्हैस टेम्पोत चढवणं अवघड होतं, बिथरलेलं जनावर फळीवर पाय ठेवत नाही. कृष्णाकाठ यांनी माणसांसाठी ४५ चा आकडा धरला असेल तर गोठ्यासाठी ४३ धरा.

जूनअखेरीपर्यंत उरकायची कामं: घटसर्प आणि फऱ्याची लस. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पूर आल्यावर टोचून त्या पुरापुरता उपयोग नाही. कानात बिल्ला नसेल तर मारून घ्या आणि बिल्ला दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून ठेवा. जनावर दगावलं तर पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदनाचा दाखला दोन्ही लागतात. दाखला होण्याआधी पुरलं तर भरपाई अडते.

छावणीत चारा मिळेपर्यंत चार-पाच दिवस जातात असं धरा. मोठ्या जनावराला दिवसाला ५-६ किलो सुका चारा तगायला पुरतो. कडब्याच्या पेंढ्यांची गंज थेट जमिनीवर रचू नका, तळ भिजला की गंज आतून तापते आणि बुरशी धरते. बुरशीचा किंवा गाळ बसलेला चारा घालू नका. पूर ओसरल्यावर उसाचा कुजका पाला आणि नदीकाठचं गाळाचं गवत खाऊन पोट बिघडतं, तेव्हा जनावर मोकळं चरायला सोडायची घाई नको.

माळावरचा | १४ जून

माझं घर पूररेषेच्या बरंच वर आहे. मला यातलं काही लागू होत नाही ना?

कृष्णाकाठ | १४ जून

लागू होतं. २०१९ ला कोल्हापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या दारात पुराचा थेंब नव्हता त्यांनाही कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. चहूकडे पूर आणि प्यायला टँकर. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्यावर पेट्रोल, दूध, भाजी सगळ्याची ओढाताण झाली.

तीन दिवसांच्या पिशवीचा सल्ला सगळीकडे मिळतो, आपल्याकडे तो अपुरा आहे. सात दिवसांचा हिशेब करा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ३ लिटर. चौघांना सात दिवसांचे ८४, म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन. संडास-भांड्यांसाठी छतावरची टाकी भरून ठेवा आणि राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ ला पोहोचली की तिचं पाणी जपून वापरायला लागा, तेव्हा नळ अजून चालू असतो. जमिनीखालच्या टाकीवर विसंबू नका. पुराचं किंवा गटाराचं पाणी झाकणातून आत गेलं की सगळा साठा वाया. आधीच उपसून छतावर चढवा.

रोख रक्कम सुट्टी ठेवा, शंभर-दोनशेच्या नोटा. वीज नसली की एटीएम आणि मोबाइलवरचे व्यवहार दोन्ही बंद. रोजची औषधं पंधरा दिवसांची. पेट्रोलची टाकी पाऊणच्या खाली जाऊ देऊ नका. आणि उंचावर राहणाऱ्यांनी आणखी एक ठरवावं: खालची कुठली दोन कुटुंबं आपल्याकडे येणार. ते आत्ताच बोलून ठेवा.

आरोग्यसेवक_वाळवा | १५ जून

पाण्यातून चालण्यापासून सुरू करतो. वाहतं पाणी घोट्याच्या वर, साधारण सहा इंच असलं तरी वेग जास्त असेल तर प्रौढ माणसाचा पाय उचलला जातो. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी सरकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. साचलेल्या पाण्यातूनही चालायचं तर हातात काठी, दर पावलाला पुढे टोचत. गटारांची झाकणं पाण्याच्या दाबाने उचललेली असतात.

विंचू-साप: पुरात ते कोरडी जागा शोधत घरात येतात. परतल्यावर पहिल्यांदा घरात शिरताना गमबूट, हातात काठी आणि बॅटरी. गाद्या, कपाटं, लाकडाचे ढीग हाताने उचकू नका. साप चावला तर त्या अवयवाला फळी बांधून हालचाल थांबवा, अंगठ्या-बांगड्या काढा, १०८ ला फोन करा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. मण्यारचा दंश कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणं असं काही झालं तर खूण दिसो न दिसो, सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, साप मारून न्यायची गरज नाही.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप): पुराच्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळतं आणि जिवाणू पायाच्या भेगांतून, जखमांतून शिरतात. गाळ काढणाऱ्या प्रौढांना डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया यांना ते देत नाहीत. दुकानातून परस्पर घेऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. नाहीतर फ्लूच्या गोळ्या घेण्यात दोन दिवस जातात आणि तोवर मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. पत्रा-खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

जुलाब: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये हा अंदाज चुकतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, तेव्हा मीठ मोजूनच.

ग्रामपाणी | १५ जून

पाण्याचं मी घेतो. पिण्याचं पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळा, मग खळखळून उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून उपयोग होत नाही, गाळच ते खाऊन टाकतो. घरगुती क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, पाकिटावर किती लिटरला एक ते वाचा. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

बुडालेली विहीर: आधी सगळं पाणी उपसा, गाळ काढा, कडा घासून घ्या. नव्याने पाणी आल्यावर ते मोजायचं. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर येतात. ३ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर ३५ घनमीटर, म्हणजे ३५ हजार लिटर. नेहमीच्या मात्रेने हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. म्हणजे साधारण ९० ग्रॅम. पुरानंतरच्या विहिरीला तेवढं पुरत नाही, पाणी ते लगेच शोषून घेतं. म्हणून टाकल्यावर एक तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) करायची, पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा.

पावडर कोरडी फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली हलवायची. खालचा चुना टाकून द्या, त्याने पाणी कठीण होतं. आणि पावडर जुनी असेल तर हिशेब चुकतो. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत ताकद गमावते. वास उग्र येत नसेल तर ती वापरून फायदा नाही.

फरशी धुताना ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो.

नावाडी_कृष्णा | १६ जून

सुटकेच्या बोटीबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं होती. बोट आली की सगळं गाव एकदम धावतं, म्हणून घर सोडायचा क्रम गावाने आधीच ठरवावा: लहान मुलं, गरोदर बाया, आजारी, म्हातारे. प्रत्येक फेरीत किती माणसं हे नावाडी सांगेल, त्यात एकही जास्त नाही. चढल्यावर खाली बसायचं, कोणी उभं राहायचं नाही, एका बाजूला सगळ्यांनी सरकायचं नाही. पिशवी एक, मांडीवर.

लाइफ जॅकेट नसेल तर दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या झाकण घट्ट लावून छातीला बांधा. एक बाटली साधारण दोन किलो उचलते. प्रौढ माणसाचं डोकं पाण्यावर राहायला सात-आठ किलो लागतात, म्हणजे चार बाटल्या, दोन पुढे उजवीकडे, दोन डावीकडे. पाठीला बांधल्या तर माणूस पालथा होतो. पट्टा मांड्यांमधूनही घ्या, नाहीतर बाटल्या वर सरकून गळ्याशी येतात. ही सोय बोट उलटली तर जीव तगवण्यापुरती आहे, पूर पोहून पार करायला नाही.

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका. दोरी बांधलेला रिकामा कॅन फेका.

चारचाकी_गॅरेज | १६ जून

थोडक्यात: इंजिनपर्यंत पाणी गेलेली गाडी सुरू करून बघू नका, चावी लावून लाइटही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती बुडालेली गाडी दुरुस्त होते, सुरू केलेलीचं इंजिन उतरवावं लागतं, आणि विम्यात इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर तो खर्च नाकारला जातो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो घ्या, टो करून न्या. दुचाकीचं तेल दुधाळ दिसलं तर ते पूर्ण काढून नवं भरल्याशिवाय किक नाही.

सदाशिव_पंचनामा | १७ जून

साफसफाई सुरू करण्याआधी फोटो. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, भिंतीवरची पाण्याची रेघ, शेजारी मोजपट्टी धरून. वस्तूंचे नंबर दिसतील असे जवळून. एक सलग व्हिडिओ रस्त्यापासून घरात येताना, म्हणजे घर कुठलं यावर वाद राहत नाही. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, सुकला की कुदळ लागते. म्हणून तलाठी येईपर्यंत थांबता येत नसेल तर फोटो घेऊन साफ करा, पण खराब सामान अंगणात एका बाजूला रचून ठेवा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत नादुरुस्त वस्तू भंगारात देऊ नका.

पंचनाम्याच्या प्रतीवर आपलं नाव, बँक खातं आणि आयएफएससी नीट लिहिलंय का ते तिथेच वाचा. घर वडिलांच्या नावावर आणि राहतो मुलगा, अशी प्रकरणं सगळ्यात जास्त अडकतात. रेशनकार्ड आणि वीजबिल दोन्हीची प्रत सोबत द्या.

मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, दोन पदरी, आणि ती पिशवी माळ्यावर न ठेवता निघताना बरोबर. भिजलेच तर उन्हात टाकू नका, कडा आखडतात आणि शाई फुटते. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका.

पाटणकर_काकू | १७ जून

शेजारी डायलिसिसचे पेशंट आहेत, आठवड्यातून दोनदा जावं लागतं. आणि एक आजी अंथरुणावर आहेत. त्यांचं काय करावं?

आरोग्यसेवक_वाळवा | १७ जून

काकू, या दोघांसाठी रस्ता बंद होण्याचा आकडा चालत नाही, त्यांनी इशारा पातळीलाच निघायचं. डायलिसिसवाल्यांनी आत्ताच पूररेषेबाहेरच्या दुसऱ्या केंद्रात नाव सांगून ठेवावं, शेवटच्या तीन डायलिसिसचे कागद, रक्तगट, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीच्या तपासण्यांचे रिपोर्ट पिशवीत. हे रिपोर्ट नसतील तर नवं केंद्र मशीन द्यायला थांबवतं. डायलिसिस पुढे ढकलावं लागलं तर पाणी, मीठ, केळी, शहाळं, टोमॅटो यांवर किती बंधन ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आजींना खुर्चीत बसवून नेता येईल अशी मजबूत, हाताची प्लास्टिक खुर्ची बघून ठेवा, चार माणसं लागतात. कोण चार, त्यांची नावं आणि नंबर खुर्चीलाच चिकटवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ हवा. जनरेटर लावणार असाल तर तो घराबाहेर, खिडकीपासून किमान वीस फूट. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गावातल्या अशा सगळ्या लोकांची यादी आशाताईंकडे असते. ती सरपंच आणि तहसील कार्यालयाला जुलैच्या आधी द्या, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे दोन्ही नंबर त्या घरांतल्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

पाटणकर_काकू | १८ जून

खुर्ची मिळाली, चार नावंही झाली. उद्या आशाताईंना भेटते.